दृक्प्रत्यय : पंचांगाच्या वादापासून खोडदच्या दुर्बिणीपर्यंत

पुण्याच्या सदाशिव पेठेत एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर तीन संस्था आहेत. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, आणि टिळक स्मारक मंदिराच्या वास्तूत कार्यालय असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची. मराठीच्या विद्यार्थ्याचा पहिल्या दोन संस्थांशी कधी ना कधी संबंध येतोच. तिसरीकडे तो सहसा फिरकत नाही. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातील ही सर्वांत जुनी संस्था आहे, आणि तिचा विषय आपला नव्हे, अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला या समजुतीविरुद्ध थोडे बोलायचे आहे.

मंगळाकडे किंवा गुरू-शनीच्याही पलीकडे गेलेल्या मानवरहित यानांचा इतिहास मराठीत बहुधा दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एक तऱ्हा परक्यांच्या पराक्रमाची ओळख करून देण्याची, आणि दुसरी २०१४ नंतरच्या अभिमानाची. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. सहा महिन्यांसाठी बनवलेले ते यान २०२२ मध्ये संपर्क तुटेपर्यंत टिकले. अभिमान वाटावा असेच हे आहे. तथापि या दोन्ही तऱ्हांमध्ये एक गोष्ट सुटते. आकाशातील ग्रह खरोखर कोठे आहे आणि आपले गणित त्याला कोठे बसवते, या दोहोंतील अंतरावरून महाराष्ट्रात एक प्रदीर्घ आणि कडवट वाद झाला होता. तो मराठी गद्यात झाला, आणि त्याचे एक केंद्र पुणे होते. आपल्या वाङ्मयेतिहासात तो ‘पंचांगाचा वाद’ म्हणून एखाद्या ओळीत उरकला जातो. एकादशी कोणत्या दिवशी धरावी यावर शास्त्रीबुवांनी केलेले भांडण, असा त्याचा अर्थ लावून आपण पुढे जातो.

या वादाचे मूळ समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकाच्या प्रारंभी ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ज्याचापांच्या किचकट गणिताला फाटा देऊन ग्रहांची स्थाने काढण्याची सुलभ रीत त्यात होती. ती इतकी सोयीची ठरली, की महाराष्ट्रात पंचांगे पुढे शतकानुशतके तिच्याच आधारे तयार होत राहिली. पण सुलभतेची किंमत असते. दरवर्षीची चूक लहान असली तरी तिची बेरीज होत जाते. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगात छापलेली ग्रहणाची वेळ आणि प्रत्यक्ष ग्रहणाची वेळ यांच्यातील तफावत कोणाच्याही डोळ्यांना दिसू लागली होती. येथे शास्त्रातील एक जुना शब्द पुन्हा जिवंत झाला : दृक्प्रत्यय. गणिताने ग्रहाचे जे स्थान येईल, तेथेच तो डोळ्यांनी पाहिल्यावर सापडला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. शब्द साधा आहे. त्याचे परिणाम मात्र साधे नव्हते, कारण गणित आणि आकाश जुळेनासे झाले तर बदलायचे कोणी, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. ऋषितुल्य ग्रंथकाराचे वचन बदलायचे की आपले डोळे मिटून घ्यायचे?

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, हे टिळकांचे गणिताचे गुरू. त्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य वेधांवर आधारलेली नवी कोष्टके त्यात होती, आणि त्यांच्या आधाराने पटवर्धनी पंचांग निघू लागले. या पंचांगाचे गणित आकाशाशी जुळत होते. तरीही जुन्या पंचांगांचा ग्राहक फारसा हलला नाही. सणवार शेजाऱ्यापेक्षा निराळ्या दिवशी करणे ही गोष्ट एखाद्या ग्रहाच्या अंशकलांपेक्षा घराघरात जड होती. पुढे या वादाला आणखी एक फाटा फुटला. राशिचक्राचा आरंभबिंदू रेवतीच्या योगताऱ्यापासून मोजायचा की चित्रा नक्षत्राच्या समोरच्या बिंदूपासून, यावर तज्ज्ञांतच दोन पक्ष झाले. दोन्ही बिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर, आणि तेवढ्याने एखाद्या वर्षी अधिक मास निराळा येई. टिळकांनी रेवतीचा पक्ष उचलला, आणि त्यांच्या नावाचे पंचांग आजही त्याच पक्षाने चालते. एखाद्या वर्षी गावाची दिवाळी एका महिन्यात आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घराची दुसऱ्यात, हा अनुभव पुण्याच्या पेठांना नवीन नाही.

या सगळ्या खटाटोपाचा जो एक महान मराठी ग्रंथ झाला, तो शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. दीक्षित मूळचे कोकणातले, मुरूडचे. पेशाने शिक्षक. उणेपुरे पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतच्या ज्योतिषगणिताचा इतिहास त्यांनी मराठीत लिहिला. त्याची पुढे हिंदी आणि इंग्रजी भाषांतरे झाली, ती मराठीत लिहिले गेले ते इतरांनाही वाचावे लागले म्हणून. दीक्षितांच्या गद्याविषयी आम्हांला विशेष सांगायचे आहे ते असे, की ते ग्रंथकाराचा आदर करतात आणि त्याच वाक्यात त्याची चूक किती कलांची ते सांगून मोकळे होतात. आवाज चढवत नाहीत. निबंधमालेचे चढे गद्य शिकवताना त्याच्या शेजारी दीक्षितांचे एखादे प्रकरण ठेवून पाहावे. मराठी गद्याला त्या शतकात दोन निराळे स्वभाव लाभले होते, हे विद्यार्थ्याला लगेच दिसेल. त्यातला एकच आपण अभ्यासक्रमात ठेवला. असो.

दीक्षितांच्याच पिढीतले दुसरे नाव व्यंकटेश बापूजी केतकर यांचे. (ज्ञानकोशकार केतकर हे निराळे, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत या दोघांची गल्लत नेहमी आढळते.) केतकर १८५४ चे, पेशाने शाळामास्तर, आणि त्यांच्या सेवेचा बराच काळ बागलकोटला गेला. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि केतकी ग्रहगणित हे त्यांचे संस्कृत ग्रंथ. पंचांग दृक्प्रत्ययाला उतरलेच पाहिजे, या पक्षाचे ते खंदे गणिती. या बागलकोटच्या मास्तरांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत एक निबंध छापून आणला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे त्यात प्रतिपादन होते. पहिला सूर्यापासून, पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट दूर, प्रदक्षिणेला सुमारे २४२ वर्षे घेणारा. दुसरा सुमारे ६० पट दूर, सुमारे ४६० वर्षांचा. त्यांनी नावेही सुचवली : ब्रह्मा आणि विष्णू.

एकोणीस वर्षांनी, १९३० च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत प्लुटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, प्रदक्षिणाकाळ २४८ वर्षे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केतकर वारले. एवढ्या मजकुरावरून ‘प्लुटोचा शोध आधी मराठी माणसाने लावला’ हे वाक्य तयार व्हायला वेळ लागत नाही, आणि केतकरांविषयी मराठीत जे काही स्फुट लेखन वाचायला मिळते त्यात या वाक्याची निरनिराळी रूपे भेटतात. आमचा मतभेद येथे आहे. हे वाक्य केतकरांच्या गौरवासाठी लिहिले जाते खरे. पण केतकर ज्या तत्त्वासाठी आयुष्यभर भांडले, त्याच तत्त्वाला ते हरताळ फासते.

का, ते सांगतो. त्या काळात नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचा शोध घेणारे अनेक जण होते, आणि त्यांत सर्वांत गाजलेले नाव पर्सिव्हल लॉवेल यांचे. युरेनसच्या गतीत जी किंचित विसंगती दिसत होती, तिचे कारण एखादा मोठा अज्ञात ग्रह असला पाहिजे, असे त्यांचे गणित. केतकरांची वाट थोडी वेगळी होती. गुरूच्या उपग्रहांच्या प्रदक्षिणाकाळांत लाप्लास यांनी जे प्रमाण दाखवले होते, तशा प्रमाणाचा मागोवा ते बाहेरच्या ग्रहांत घेत होते. दोघांचेही उत्तर एका वस्तूपाशी येऊन ठेपल्यासारखे दिसले. पण प्लुटो हाती आल्यावर तो वर्षागणिक हलका होत गेला. आज आपल्याला ठाऊक आहे, की त्याचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या पाचव्या हिश्श्यालाही पुरत नाही. एवढ्याशा गोळ्याने युरेनसला हलवणे शक्य नाही. मग ती विसंगती कोठून आली?

याचे उत्तर कोणाच्या कोष्टकात नव्हते. ते एका यानाने आणले. २० ऑगस्ट १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर-२ जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि २५ ऑगस्ट १९८९ रोजी नेपच्यूनजवळून गेले. या दोन्ही ग्रहांपाशी आजवर पोहोचलेले ते एकमेव यान आहे. नेपच्यूनने या यानाला किती ओढले, हे मोजल्यावर त्या ग्रहाचे वस्तुमान आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी निघाले. माइल्स स्टँडिश यांनी ही नवी किंमत गणितात घातली, आणि १९९३ मध्ये दाखवून दिले की युरेनसच्या गतीतील विसंगती उरतच नाही. ज्या गूढासाठी नवा ग्रह कल्पिला होता, ते गूढच नव्हते. लॉवेल यांच्या वेधशाळेत प्लुटो सापडला, तो गणिताच्या बळावर सापडला नव्हता. एका चिकाटीच्या निरीक्षकाने आकाशाच्या त्या पट्ट्याची छायाचित्रे ताडून पाहिली म्हणून सापडला. केतकरांच्या विष्णूच्या कक्षेत तर तसा ग्रह आजवर सापडलेला नाही. पहिला आकडा जुळला आणि दुसरा जुळला नाही, तर पहिल्याच्या जुळण्याला किती वजन द्यायचे, हे दृक्प्रत्ययवादी केतकरांनी आपल्याला मुद्दाम सांगायची गरज नाही.

यात केतकरांचे काही उणे होत नाही. बागलकोटला बसून, फ्रेंच पत्रिकेत, सूर्यमालेच्या कडेविषयी एक निश्चित, आकड्यांत मांडलेले, म्हणूनच खोटे ठरू शकेल असे विधान करणे हीच मोठी गोष्ट आहे. पण त्यांची थोरवी ‘आधी आम्ही’ या दाव्यावर उभी करायची, आणि त्यांचे ग्रंथ मात्र कोणी उघडायचे नाहीत, हा व्यवहार आम्हांला मान्य नाही. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे यान प्लुटोपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटर अंतरावरून गेले, तेव्हा त्याचा व्यास २,३७७ किलोमीटर असल्याचे कळले, गोठलेल्या नायट्रोजनची मैदाने दिसली, पाण्याच्या बर्फाचे डोंगर दिसले. त्याच्या नऊ वर्षे आधीच, ऑगस्ट २००६ मध्ये, ग्रहांच्या यादीतून तो बटुग्रहांच्या यादीत गेला होता. आपल्या कित्येक पंचांगांत तो अजून आहेच. हर्षल, नेपच्यून, प्लुटो असे त्रिकूट तेथे छापले जाते. (यातला ‘हर्षल’ म्हणजे युरेनस. शोधकर्त्याचेच नाव ग्रहाला देऊन ते मराठी मुलांच्या नावांत बसेल इतके आपलेसे करणे, हे बहुधा मराठीलाच सुचावे. कोशातील ‘प्रजापती’ मात्र कोशातच राहिला.)

लॉवेल यांचे नाव आले आहे, तर शब्दांच्या अभ्यासकांनी त्यांच्यापाशी क्षणभर थांबायला हवे. १८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असता मिलानच्या जोव्हान्नी स्किआपारेल्ली यांनी त्याच्यावर काही रेषा पाहिल्या, आणि त्यांना इटालियनमध्ये ‘कानाली’ म्हटले. या शब्दाच्या पोटात चर, नाळ, ओहोळ, खाडी असे सगळे मावते. इंग्रजीत त्याचे ‘कॅनॉल’ झाले, म्हणजे खोदलेला कालवा झाला. खोदलेला म्हटला की खोदणारा आला. लॉवेल यांनी त्या खोदणाऱ्यांवर पुस्तके लिहिली : मरणाऱ्या ग्रहावरची शहाणी जमात ध्रुवांवरचे पाणी विषुववृत्ताकडे नेत आहे, असे ते चित्र. मराठीतही ‘मंगळावरचे कालवे’ असेच म्हटले गेले, आणि तेथे ‘कालवा’ हा शब्द इंग्रजीपेक्षाही अधिक पक्का बसला. पुणेकराच्या कानाला कालवा हा शब्द अमूर्त नाही. स्किआपारेल्ली दुर्बिणीला डोळा लावून बसले होते त्याच दशकात खडकवासल्याच्या धरणाचे आणि मुठा कालव्याचे काम चालले होते, आणि पर्वतीच्या पायथ्यावरून जाणाऱ्या त्या पाण्याला आखणारा इंजिनिअर असतो, मजूर असतात, हे सगळ्यांना माहीत होते. भाषांतरात एका शब्दाची निवड चुकल्याने एका ग्रहावर वस्ती झाली, याहून मोठा दाखला भाषांतरविद्येच्या वर्गात देता येईल असे आम्हांला वाटत नाही.

ती वस्ती उठवली मॅरिनर-४ ने. १९६५ च्या जुलैत हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने एकवीस पूर्ण व एक अपुरे अशी छायाचित्रे पाठवली. वेग सेकंदाला आठ-नऊ बिट्स. एक चित्र पृथ्वीवर यायला आठ तासांहून अधिक. प्रत्येक चित्र म्हणजे २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० आकडे. संगणक चित्र तयार करीपर्यंत धीर न धरवल्याने तेथील अभियंत्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि रंगीत खडूंनी प्रत्येक आकड्याची छटा हाताने भरून पहिले चित्र काढले. केरूनानांची कोष्टके ज्याने हाताळली आहेत, त्याला या प्रसंगाचे मोल निराळे वाटेल. एवढ्या काळात प्रथमच ग्रहाच्या आकड्यांच्या कोष्टकातून त्याच्या स्थानाऐवजी त्याचा चेहरा निघत होता. त्या चेहऱ्यावर कालवा नव्हता. चंद्रासारखी विवरे होती.

आणि आता या हकिगतीतला पुण्याजवळचा भाग. नारायणगावानजीक खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ती चालवणारी संस्था पुण्यात गणेशखिंडीला. २०१६ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने मंगळावर उतरवण्यासाठी एक यान पाठवले, आणि त्याचे नाव ठेवले होते स्किआपारेल्ली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी ते मंगळाच्या वातावरणात शिरले तेव्हा त्याचा क्षीण संदेश थेट पृथ्वीवर ऐकण्याचे काम, नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या सहकार्याने, खोडदच्या तबकड्यांनी केले. मंगळाहून निघालेला तो संदेश पावणेदहा मिनिटांनी द्राक्षमळ्यांच्या त्या मुलखात पोहोचत होता. हवाई छत्री उघडल्याचे कळले. आणि जमिनीला टेकण्याच्या सुमारास आवाज थांबला.

काय झाले ते पुढे चौकशीत उघड झाले. छत्री उघडताना यान अपेक्षेपेक्षा जोराने गिरक्या घेऊ लागले, आणि गती मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद अधिक काळ आपल्या कमाल आकड्यावर अडकून राहिले. त्या खोट्या आकड्यावरून यानाच्या संगणकाने आपला कल चुकीचा धरला. जमिनीपासूनचे अंतर मोजणारे रडार नीट चालत होते. पण त्याचे मोजमाप या चुकीच्या कलाशी जोडून गणित केल्यावर उंचीचे उत्तर उणे आले. संगणकाच्या मते यान जमिनीच्या खाली होते. जमिनीखाली असलेल्या यानाला छत्री कशाला? त्याने ती सोडून दिली, तीस सेकंद चालायची इंजिने तीन सेकंदांत बंद केली, आणि यान सुमारे पावणेचार किलोमीटरवरून कोसळले. मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानाने जमिनीवरचा काळा डाग टिपला.

डोळा बरोबर सांगत असताना गणिताने ऐकले नाही, असा हा सगळा प्रकार. दीक्षितांनी आपल्या ग्रंथात अशा चुकांची नोंद ज्या स्वरात केली असती, तोच स्वर युरोपीय संस्थेच्या चौकशी अहवालाचा आहे : चूक कोठे, किती, कशामुळे. तो अहवाल आम्ही वर्गात निबंधलेखनाचा नमुना म्हणून वाचून दाखवतो. मुलांना प्रथम नवल वाटते, नंतर वाटत नाही.

एका बाबतीत मात्र दृक्प्रत्यय कधीच येणार नाही. दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. पंचावन्न भाषांतील अभिवादनांत मराठीही आहे. एका स्त्रीच्या आवाजात, नमस्कार करून, पृथ्वीवरील लोकांचे शुभविचार कळवलेले आहेत आणि ऐकणाऱ्याने ‘ह्या जन्मी’ धन्य व्हावे अशी इच्छा व्यक्त केलेली आहे. इतर भाषांनी शांतता, मैत्री, आरोग्य इच्छिले. मराठीने परग्रहावरच्या अनोळखी श्रोत्याला जन्मांची मालिका गृहीत धरून संबोधले. बोलणाऱ्या व्यक्तीने हे फार विचारपूर्वक केले असेल असे नाही. शुभेच्छा देताना आपल्या तोंडी जे सहज येते तेच तेथे आले, म्हणून ते अधिक मोलाचे. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ध्वनिमुद्रणाविषयी केसरबाईंची नाखुशी प्रसिद्ध होती. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वी सोडली, आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाई गेल्या.

फेब्रुवारी १९९० मध्ये व्हॉयेजर-१ ने मागे वळून सूर्यमालेची शेवटची छायाचित्रे घेतली, आणि त्यानंतर त्याचे कॅमेरे कायमचे बंद करण्यात आले. २०१२ मध्ये ते सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. २०२५ च्या अखेरीस ते आपल्यापासून सुमारे २,५०० कोटी किलोमीटर दूर होते, आणि त्याच्याकडून आलेला संदेश पृथ्वीवर पोहोचायला तेवीस तासांहून अधिक वेळ लागत होता.